पोतडीत काय आहे?

प्रिय,

परवा माझ्या गॅलरीत बसून तू त्या परदेशात चित्रपट करायच्या ऑफरवर दीड तास ‘जाऊ की नको’ करत होतास. तुझ्या चहावर साय धरली. तेव्हा गप्प राहिलो, बोललो असतो तर आवाज चढला असता.

तिथलं सरकार, तिथला सेन्सॉर, इथले मित्र ‘विकला गेला’ म्हणतील, सगळं ऐकलं. गोष्टीचं मात्र एक वाक्य तुझ्या तोंडून आलं नाही. पोतडीत काय आहे, ते सांग आधी.

जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे शॉट तुला पाठ आहेत. त्याचे पडके दिवस पाठ आहेत का? १९४३ ते १९६५ मध्ये २३ चित्रपट. मग अमेरिकनांच्या युद्धपटावरून काढून टाकलं. १९७० चा ‘दोदेस्काडेन’ आपटला. १९७१ च्या डिसेंबरात त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. जपानमध्ये त्याच्यावर पैसा लावायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा सोव्हिएत रशियाच्या ‘मॉसफिल्म’ स्टुडिओनं विचारलं. ब्रेझनेव्हचा काळ, सगळा सरकारी कारभार. गेला. पण रिकाम्या हातांनी नाही गेला रे! आर्सेन्येव या रशियन मोजणी-अधिकाऱ्याच्या प्रवासवर्णनातला देर्सू, रशियाच्या पूर्व टोकाला उसुरी नदीकाठच्या जंगलातला तो शिकारी, त्याच्या डोक्यात तरुणपणापासून होता. मधे होक्काइदोत बसवून पाहिला, जमेना, तर ठेवून दिला. मॉस्कोनं विचारलं तेव्हा पोतडीतून तोच निघाला, आणि ‘देर्सू उझाला’ झाला. रशियन माणसाची रशियन गोष्ट, पण तीसेक वर्षं सांभाळली जपान्यानं. मग ती कुणाची?

खांका तळ्यावरचा तो प्रसंग पुन्हा बघ. बर्फावर सूर्य कलतोय, वारा सुटलाय, दोघं वेड्यासारखं गवत कापतायत. आर्सेन्येव कोसळतो. देर्सू थिओडोलाइटची, म्हणजे जमीन मोजायच्या यंत्राची, तिपाई उभी करतो, वर गवत रचतो, त्याला आत ओढतो. मोजणीचं सरकारी सामान आणि त्यावर गवताचं खोपटं. रात्र निघाली. तिपाई कुणाची, असं देर्सूनं विचारलं नाही.

राजकारण होतंच. १९६९ मध्ये त्याच उसुरी नदीवर रशिया-चीनच्या गोळ्या झडल्या होत्या. चित्रपटात चिनी दरोडेखोर आहेत, म्हणून चीन खवळला. पण जंगलात एकटा राहणारा तो म्हातारा चिनीही त्यातच आहे, आणि माझ्या लक्षात तोच राहिला. गोष्ट भरलेली असली की तिच्यात अशी माणसं मावतात. नुसती ऑफर घेऊन गेलास तर मावेल फक्त त्यांचा अधिकारी.

आणि ‘कमबॅक’ हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. १९७५ चा ‘देर्सू उझाला’, मॉस्को महोत्सवाचं सुवर्णपारितोषिक, वर ऑस्कर. तरी पुढचा ‘कागेमुशा’ यायला १९८० उजाडलं, तेही लुकास आणि कपोला हे अमेरिकन दिग्दर्शक मधे पडले म्हणून.

मलाही एकदा बाहेरून विचारणा आली होती. आई अंथरुणाला खिळली होती, म्हणून गेलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं नाही ते. पण माझ्याकडे तरीवाल्याची, एका नावाड्याची, गोष्ट होती, आणि तोवर ती मी इतक्या ऑफिसांत इतक्यांदा बदलून सांगितली होती, कधी तरीवाल्याला मुंबईत आणलं, कधी त्याला प्रेयसी दिली, की विचारणा आली तेव्हा पोतडीत नुसत्या चिंध्या होत्या. दुसरं काय करणार होतो? घर होतं, हप्ते होते. तुला कळायचं नाही ते, कळू पण नये.

असो. तुझ्या आजोबांची ती मिठागराची गोष्ट, पाच वर्षांपूर्वी एसटीत मला सांगितलीस ती, अजून आहे का? असेल तर जा, कुणाच्याही पैशावर जा. नसेल तर मात्र त्या तिकिटाचं नावही काढू नकोस.

रविवारी एक पान लिहून आण. मी तरीवाल्याची फाइल काढून ठेवतो, कसर लागलीय तिला. वाच हवं तर. पण वाचून ‘सर, आता करा ना’ म्हणू नकोस.

तुझा,
सर