ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीवर संशोधन करायला आपली परवानगी लागते का?

नागपूरच्या दवाखान्यात आईची गाठ काढली, तिच्या पेशी संशोधनाला वापरायच्या तर विचारायला हवं का, असं तुम्ही विचारलंय. हो, विचारायलाच हवं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं संमती मागतात. तपासणीनंतर उरलेल्या, ओळख पुसलेल्या नमुन्यासाठी मात्र नैतिकता समिती (संशोधन योग्य रीतीने होतंय ना, हे तपासणारी समिती) सूट देऊ शकते.

1951 मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स यांच्या कर्करोगाच्या पेशी न विचारता घेतल्या. त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत, आणि घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं लागली! मला हेच सर्वात जास्त खुपतं.

माझ्या बाबांना भरती करताना इंग्रजी फॉर्मवर सही घेतली, कोणी वाचूनही दाखवला नाही. तुम्ही संमतीपत्र मराठीत मागा. नकार दिला म्हणून आईचे उपचार अडवता येत नाहीत.