‘वॉटल अँड डॉब’ म्हणजे आपला कूडच

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन इथल्या शेक्सपिअरच्या जन्मघरावर मराठीत टिपण लिहायचं आहे. तिथल्या ‘वॉटल अँड डॉब’ भिंतींना काय म्हणावं, आणि ‘हाफ-टिंबर्ड’ला ‘अर्धलाकडी’ चालेल का?

पहिल्यासाठी नवा शब्द घडवायची गरजच नाही. कोकणात कारवीच्या काठ्यांचा कूड घालून शेणमातीने लिंपतात, तेच हे काम. कारवीऐवजी तिकडे हेझलच्या लवचीक फांद्या, एवढंच. वरच्या तुळईला भोकं आणि खालच्या तुळईला खाच पाडायची, त्यांत ओकच्या उभ्या पट्ट्या बसवायच्या आणि त्यांतून आडव्या फांद्या विणत जायचं. मग माती, शेण आणि बारीक कापलेला पेंढा मळून तो चिखल दोन्ही अंगांनी दाबून भरायचा. पेंढ्यामुळे वाळताना तडे कमी जातात. वरून चुन्याची सफेती. तेव्हा ‘वॉटल’ तो कूड आणि ‘डॉब’ ते लिंपण. ‘गिलावा’ मात्र नको. तो वाचला की विटांची भिंतच डोळ्यांपुढे येते.

पण अख्ख्या इमारतीला ‘कुडाचं घर’ म्हणू नका. मराठी वाचकाला लगेच झोपडं दिसेल, आणि हे घर तर हातमोजे करणाऱ्या खात्यापित्या माणसाचं. शेक्सपिअरचे वडील जॉन १५६८ मध्ये गावचे बेलिफ, म्हणजे नगराध्यक्षच म्हणा ना, झाले होते. शिवाय भार कूड पेलत नाही, ओकचा सांगाडा पेलतो. कूड नुसता मधल्या मोकळ्या जागा बुजवतो. हे ओक जवळच्याच आर्डेनच्या रानातलं. आपल्या जुन्या वाड्यांतही वजन लाकडी खांब-तुळयांवरच असतं, त्यामुळे शब्द आयते आहेत. दोन खांबांमधल्या अंतराला आपण ‘खण’ म्हणतो. अशा इमारतींच्या वर्णनात ‘बे’ येतो, तिथे तो चपखल बसेल.

‘अर्धलाकडी’ही नको. अर्धं घर लाकडाचं आणि अर्धं दगडाचं, असा त्याचा अर्थ कोणीही करेल. मी ‘लाकडी सांगाड्याचं, कुडाच्या भिंतींचं घर’ असं लिहीन. लांबलचक आहे खरं, पण चित्र बरोबर उभं राहतं.

राहिला या घराला मिळालेला ‘ग्रेड वन लिस्टेड’ हा संरक्षणाचा दर्जा. ‘पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू’ पुरे. ‘सूचीबद्ध’ म्हटलं की शेअर बाजार आठवतो.