नॅसमधले फोटो दिसेनासे झालेत, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्याकडे घरी दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी साठवणपेटी) आहे, सहा वर्षं झाली. २००९ पासूनचे सगळे फोटो त्यात आहेत, बाबा आता नाहीत, त्यांचे व्हिडिओ पण त्यातच. मागच्या आठवड्यात राउटर बदलला आणि दुसऱ्याच दिवशी लाईट गेली. तेव्हापासून लॅपटॉपवर नॅससाठी बनवलेल्या झेड ड्राइव्हवर लाल फुली येतेय. बरीच खटपट करून नॅसच्या नावाने उघडलं तर बाकीचे दोन फोल्डर दिसतात पण 'फोटो' फोल्डरच नाही. घाबरून नॅस बंद केला, एक डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर विंडोज म्हणतं डिस्क फॉरमॅट करा. मी कॅन्सल केलं, डिस्क होती तिथे परत लावली, नॅस अजून चालू केलेला नाही. भाऊ म्हणतो रीसेट मार. बॅकअप नाहीये. काय करू?

उत्तर : कॅन्सल दाबलंत हे फार बरं केलंत. नॅस आतून बहुतेक लिनक्सवर चालतो, त्याच्या डिस्क एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस अशा पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतात आणि विंडोजला त्या वाचताच येत नाहीत, म्हणून ते फॉरमॅट करू का विचारतं, डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ अजिबात नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशियलाइज' (डिस्क नव्याने तयार करू का) विचारलं तरी नाहीच म्हणायचं. आणि मधल्या काळात एकाच डिस्कवर नॅस चालू केला नाहीत हेही चांगलं झालं, तुमच्या दोन्ही डिस्कवर बहुतेक एकसारखाच मजकूर असणार (त्याला रेड १ म्हणतात), नाहीतर दोन डिस्कमधला मजकूर मागेपुढे झाला असता आणि परत लावल्यावर एकीवरून दुसरी पुन्हा लिहून काढावी लागली असती. डिस्क त्याच खणात गेल्यात ना तेवढं बघा आणि चिकटपट्टीवर १, २ लिहून ठेवा. रीसेटचं मात्र राहू द्या. बऱ्याच बॉक्सवर ते बटण थोडं दाबलं तर फक्त पासवर्ड आणि नेटवर्क सेटिंग जातं, जास्त वेळ दाबलं तर काहीतरी वेगळंच होतं, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअल न वाचता हात लावायचा नाही.

तुमचं लिहिलेलं वाचून मला वाटतं इथे दोन वेगळ्या भानगडी एकत्र झाल्यात. लाल फुलीचं कारण साधं असावं. जुना राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असेल, नवा १९२.१६८.० ने देत असेल, झेड ड्राइव्ह अजून जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतोय. तो डिस्कनेक्ट करून नव्याने मॅप करा, आणि राउटरमध्ये नॅससाठी पत्ता रिझर्व्ह करून टाका म्हणजे परत हा त्रास नाही.

खरी काळजी 'फोटो'ची. नॅस चालू करा, त्याच्यावर नवीन काही कॉपी करू नका, मोबाइलचा ऑटो फोटो अपलोड चालू असेल तर आधी बंद करा, आणि लॅपटॉपच्या ब्राउझरमधून नॅसच्या ॲडमिन पानावर जाऊन स्टोरेजमध्ये वापरलेली जागा किती दाखवतंय ते बघा. मी सगळ्यात आधी हेच बघते. समजा तुमच्या आठवणीप्रमाणे दीडएक टीबी भरलेलं होतं आणि अजूनही तेवढंच दाखवतंय, तर फोटो जागेवरच आहेत, फक्त तुम्हाला दिसत नाहीयेत. मग शेअर्ड फोल्डरच्या यादीत जा. तिथे 'फोटो'च्या नावाजवळ कुलपाचं चिन्ह दिसलं तर तो फोल्डर एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद केलेला आहे. लाईट जाऊन नॅस रीस्टार्ट झाला की असा फोल्डर सहसा आपोआप उघडत नाही, म्हणजे नेटवर्कवर दिसतही नाही, बाकीचे मात्र दिसतात, अगदी तुमच्यासारखंच. ॲडमिन पानावरून 'माउंट' करायचं आणि फोल्डर बनवताना दिलेला पासवर्ड किंवा तेव्हा डाउनलोड झालेली 'की' (किल्ली) फाइल द्यायची. आमच्याकडे एकदा हेच झालं होतं, सगळं घर हवालदिल, शेवटी ती फाइल जुन्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये सापडली. म्हणून तुम्हीही जुने लॅपटॉप, ईमेल, डायऱ्या, बाबांनी नॅस बसवला असेल तर त्यांच्या वह्यासुद्धा नीट चाळा, कारण पासवर्ड किंवा किल्ली, दोन्ही नसेल तर तो फोल्डर कुणालाच उघडता येत नाही.

कुलूप नसेल तर परमिशन बघा. काही नॅसवर ज्याला परवानगी नाही त्याला फोल्डर दिसतच नाही असं सेटिंग असतं. विंडोजनेही कधीतरी दुसऱ्याच युजरचा पासवर्ड साठवलेला असतो, तो कंट्रोल पॅनलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मग ज्या युजरला 'फोटो'चे हक्क आहेत त्याच्या नावाने परत जोडा.

आता स्टोरेजमध्ये 'डिग्रेडेड' दिसलं तर बहुतेक एक डिस्क गेलीय, दुसरीवर काम चालू आहे. बरेच जण लगेच नवी डिस्क लावून रीबिल्ड (उरलेल्या डिस्कवरून नवीवर सगळं उतरवणं) करतात, माझं मत आधी फोटो बाहेरच्या यूएसबी डिस्कवर काढून घ्या, कारण रीबिल्डमध्ये उरलेली डिस्क तासन् तास सलग वाचली जाते आणि तीही सहा वर्षांचीच आहे ना. 'क्रॅश्ड' दिसलं किंवा डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर नॅस बंद करा आणि दोन्ही डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, कितीवेळा चालू-बंद करून बघितलं यावरही पुढे काय हाती लागेल ते ठरतं. बाबांचे व्हिडिओ हाताला लागले की त्याच दिवशी एक कॉपी बाहेर काढा, दोन डिस्कचा रेड १ म्हणजे बॅकअप नव्हे, एकीवर डिलीट झालं की दुसरीवरही त्याच क्षणी होतं.

प्रश्न : मुलीने चुकून नॅसवरचा अख्खा फोल्डर डिलीट केला. लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये काहीच नाही. गेलं का सगळं?

उत्तर : मुलीला रागावू नका, नेटवर्कवरून डिलीट केलेलं लॅपटॉपच्या बिनमध्ये जातच नाही, हे मोठ्यांनाही माहीत नसतं. नॅसचा स्वतःचा रिसायकल बिन असतो, सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर 'हॅश रिसायकल' (#recycle) आणि क्यूनॅप कंपनीच्या नॅसवर 'ॲट रिसायकल' (@Recycle) नावाचा फोल्डर, पण तो त्या शेअरसाठी आधीपासून चालू असावा लागतो आणि कधीकधी फक्त ॲडमिनलाच दिसतो, म्हणून ॲडमिनने लॉगिन करून बघा. तिथे नसेल तर स्नॅपशॉट (नॅसने ठरावीक वेळी टिपून ठेवलेली फोल्डरची तेव्हाची स्थिती) आहेत का ते शोधा, असतील तर कालच्या तारखेचा फोल्डर जसाच्या तसा मिळतो. दोन्ही नसेल तर नॅस ताबडतोब बंद करा, कारण फाइल पुसली तरी तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत थोडी आशा असते. एक्स्ट४ वर डिलीट झालेलं नाव आणि फोल्डरसकट परत आणणं अवघड आहे, फोटोरेकसारखी सॉफ्टवेअर फोटो ओळखून काढतात पण नावं जातात, आणि हे काम मूळ डिस्कवर नाही, तिची पूर्ण कॉपी काढून त्या कॉपीवर करायचं.

प्रश्न : नवा लॅपटॉप घेतला, त्यावर नॅस उघडतच नाही, जुन्यावर मस्त चालतो.

उत्तर : नॅसवर पासवर्डशिवाय गेस्ट म्हणून जात असाल बहुतेक. विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटपासून प्रो व्हर्जनमध्ये गेस्ट म्हणून जाणं मुळातच बंद आहे. नॅसवर स्वतःच्या नावाचा युजर बनवा, पासवर्ड ठेवा, त्याने जोडा. नॅस फारच जुना असेल तर तो एसएमबी१ (नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची जुनी भाषा) च बोलत असेल, ते विंडोज १० मध्ये २०१७ सालच्या १७०९ अपडेटपासून टप्प्याटप्प्याने काढून टाकलं गेलं, नव्या लॅपटॉपवर ते बहुतेक चालू नसतं. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबी१ मधल्या भोकातून पसरला होता, त्यामुळे लॅपटॉपवर ते परत चालू करा असं मी सांगणार नाही. नॅसचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून एसएमबी२ किंवा ३ चालू होतंय का बघा, होत नसेल तर जुन्या लॅपटॉपवरून सगळं आत्ताच यूएसबी डिस्कवर काढून घ्या, तो चालतोय तोवर.