शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाने विद्यापीठाच्या प्रशासनात जावं का? तिकडे गेलं की शिकवणं, संशोधन संपतं का?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं शिक्षणशास्त्र शिकवताय, आता विभागप्रमुखपद समोर आलंय, पुढे डीन व्हायची शक्यता पण आहे, आणि भीती ही की एकदा त्या खुर्चीत बसलो की आपल्यातला प्राध्यापक संपला. मी आधी बरीच वर्षं शिकवलं, मग पाच वर्षं विभागप्रमुख, नंतर एक टर्म डीन, आणि आता परत वर्गात आहे, म्हणून उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं धरून लिहितेय.

भीती खोटी नाहीये. पहिल्या वर्षात माझं एक पान लिहून झालं नाही. लॅपटॉपवर एका पेपरचा ड्राफ्ट होता, तो मी चौदा महिन्यांनी उघडला तेव्हा माझेच मुद्दे मला कळेनात. काम खूप असतं हे सगळेच सांगतात पण खरी अडचण ती नाही, अडचण ही की दिवसाचे तुकडे पडतात. पंधरा मिनिटं एका फाईलवर टिपणी, मग कोणीतरी रजेवर गेलं त्यांचे तास कुणाला द्यायचे, मग विद्यार्थ्याचा अर्ज, मग दोन सहकारी जे एकमेकांशी बोलत नाहीत पण दोघांना मंगळवारी अकरा वाजता तीच खोली पाहिजे. बाहेरून वाटतं प्रशासन म्हणजे निर्णय घेणं. निर्णय महिन्यातून एखादा, बाकी सगळं टाइमटेबल.

क्लार्क कर यांनी विद्यापीठाची व्याख्या गमतीत अशी केली होती की पार्किंगच्या तक्रारीवर एकत्र आलेले प्राध्यापक म्हणजे विद्यापीठ, आणि हा माणूस कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रेसिडेंट होता, १९६० चा तिथल्या उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन त्याच्या नेतृत्वाखाली झाला, तरी १९६७ मध्ये त्याला काढून टाकलं. म्हणजे पद कितीही मोठं असो, पार्किंग सुटत नाही आणि खुर्चीची खात्री पण नाही.

आता दुसरी बाजू, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. फिजिक्सचा प्राध्यापक डीन झाला तर त्याचा विषय खरंच मागे पडतो, कारण त्याची लॅब तिकडे आणि ऑफिस इकडे. आपलं तसं नाहीये. प्रवेश, मूल्यमापन, अभ्यासक्रम, शिक्षक कसे घडतात, मुलं मधेच का सोडून जातात, हे सगळं ऑफिसच्या टेबलावर रोज येऊन पडतं. आपला विषयच आहे तो!

ब्लूमची टॅक्सॉनॉमी, म्हणजे शिकण्याची उद्दिष्टं नुसत्या पाठांतरापासून वर सहा पातळ्यांत लावायची ती पद्धत, तुम्ही इतकी वर्षं शिकवली असणार. ती कुठून आली हे आपण वर्गात सहसा सांगत नाही. बेंजामिन ब्लूम शिकागो विद्यापीठात परीक्षा विभागात होते, १९४३ पासून युनिव्हर्सिटी एक्झामिनर. तिथे शिकवणारा वेगळा आणि परीक्षा काढणारं ऑफिस वेगळं अशी पद्धत होती, त्यामुळे प्रश्न काढायचं प्रचंड काम त्या ऑफिसवर यायचं. १९४८ मध्ये बॉस्टनला वेगवेगळ्या कॉलेजांचे परीक्षावाले भेटले, आणि त्यांना हवं काय होतं तर एकमेकांचे प्रश्न वापरता यावेत, म्हणजे दरवर्षी नव्याने सगळं करायला नको. पण प्रश्न देवाणघेवाण करायचे तर कुठला प्रश्न नक्की काय तपासतो याला एक समान भाषा लागते, ती भाषा बनवता बनवता १९५६ चं पुस्तक झालं. म्हणजे जगभरच्या शिक्षकांच्या डोक्यात बसलेली ती सहा पातळ्यांची गोष्ट ही मुळात परीक्षा विभागाची कामाची सोय आहे. (आणि त्या पातळ्या दाखवणारा तो प्रसिद्ध पिरॅमिड त्या पुस्तकात नाहीये, नंतर लोकांनी काढला. असो, तो वेगळा राग आहे माझा.)

हे वाचून मी पण हुरळून गेले होते. विभागप्रमुख झाल्यावर तीन वर्षांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका काढल्या, एकेक प्रश्न तपासला, बहुतेक प्रश्न नुसते पाठांतराचे निघाले, छान तक्ते करून मीटिंगमध्ये ठेवले. शांतता. मग एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, आम्ही काय तुमचे विद्यार्थी आहोत का?" आणि विषय तिथेच संपला, इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढी एक ओळ. मला तेव्हा फार लागलं, पण चूक माझीच होती, प्रौढ माणूस कसा शिकतो यावर मी वर्षानुवर्षं लेक्चर दिली आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा चारचौघात निकाल लावून मोकळी झाले. पुढच्या सत्रात तक्ता नाही, काही नाही, फक्त प्रत्येकाला म्हटलं की तुमच्याच पेपरातला एक प्रश्न असा बदला की पुस्तक समोर उघडं ठेवलं तरी उत्तर सोपं जाणार नाही. सगळ्यांनी केलं असं नाही. निम्म्यांनी केलं, त्यात ते ज्येष्ठ सहकारी पण होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात चांगला प्रश्न त्यांचाच होता.

मीटिंगांचं कोडं सुटायला मला अजून एक गोष्ट कामाला आली. कोहेन, मार्च आणि ओल्सेन या तिघांनी १९७२ मध्ये विद्यापीठांसारख्या संस्थांसाठी एक मॉडेल मांडलं, त्याचं नावच कचरापेटी. म्हणणं असं की अशा संस्थेत आधी प्रॉब्लेम मग उत्तर असा क्रम नसतोच, लोक आपापली उत्तरं खिशात घेऊन फिरत असतात आणि कुठला प्रॉब्लेम दिसला की त्याला ते चिकटवतात. यातले मार्च स्वतः डीन राहिलेले, त्यामुळे हे हवेतलं नाही. एकदा हे कळलं की खोलीच्या वाटपाच्या मीटिंगमध्ये कुणी तीन वर्षांपूर्वीचं प्रमोशन काढलं तरी राग येत नाही, ते आपलं प्रमोशन आज या पेटीत टाकायला आलेत एवढंच.

आता जॉन ड्युई या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं पण सांगते, म्हणजे फक्त ब्लूमवर जाऊन हो म्हणाल असं नको. ड्युईंनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा, म्हणजे शिक्षणाच्या कल्पना करून बघायची शाळा, काढली, १६ मुलं घेऊन. चालली, वाढली. नंतर ती दुसऱ्या एका शाळेशी जोडायचं ठरलं, ड्युईंच्या पत्नी ॲलिस प्रिन्सिपल, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना ते मान्य नाही, विद्यापीठाचे प्रेसिडेंट हार्पर यांच्याशी खटके, आणि १९०४ मध्ये ड्युई राजीनामा देऊन बाहेर. गेले कोलंबियाला, मुख्यतः फिलॉसॉफी शिकवायला, आणि लोकशाही आणि शिक्षणावरचं त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९१६ मध्ये तिथून आलं. शिक्षणावर त्यांच्याइतका विचार केलेला माणूस शोधून सापडणार नाही आणि तरी कुणाला कुठल्या पदावर बसवायचं यात अडकले. त्यामुळे 'मला शिक्षण कळतं म्हणजे माणसं सांभाळता येतील' असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढा.

तर घ्या की नको? तुम्हाला पदामुळे मिळणाऱ्या मानासाठी जायचं असेल तर नको, मान सहा महिने टिकतो, नंतर सगळ्यांना तुमच्याकडून फक्त सही हवी असते. परीक्षा, प्रवेश, शिक्षकांचं प्रशिक्षण यातली एखादी गोष्ट आतून बघायची खाज असेल तर जरूर घ्या. पण एकच गोष्ट बघायची, सगळं एकदम सुधारायला गेलात तर माझ्या तक्त्यांसारखं होईल.

आणि हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या, तोंडी नाही. एक, दर सत्राला एक तरी वर्ग तुमच्याकडे राहील. मी डीन असताना हा तास सोडला, 'या वर्षीपुरतं' म्हणून, आणि परत आले तेव्हा पहिले दोन महिने वर्गात मला मीटिंगसारखं बोलायची सवय लागली होती, विद्यार्थी प्रश्न विचारायचे आणि मी म्हणायचे 'मुद्दा नोंदवून घेतला आहे'. दुसरी, टर्म संपल्यावर किमान एक सत्र अभ्यास रजा. ही मी मागितली नव्हती. तो चौदा महिन्यांचा ड्राफ्ट अजून तसाच पडलाय.