बोकड, रस्सा आणि पाटीची पेन्सिल

पत्र : ताई, आम्ही कोरेगाव तालुक्यातले. मुलगी साडेपाच वर्षांची आहे, अंगणवाडीत जाते. चैत्रात जत्रेसाठी बोकड आणला होता. आठ दिवस दारात होता, हीच त्याला पाला घालायची. जत्रेदिवशी व्हायचं ते झालं. आम्ही तिला ‘तो मामाच्या गावाला गेला’ म्हणून सांगितलं, पण तिला कळलंच. तेव्हापासून मटण, चिकन, अंडं सगळं बंद. ‘मी प्राण्यांना खाणार नाही’ म्हणते. मुळात खाण्याची किरकिर होतीच. आता चहा-चपाती, साखर-चपाती, पांढरा भात, बिस्किटं आणि दिवसाला तीन मोठे पेले दूध, एवढ्यावर आहे. आखाडात तिच्या वडिलांनी आमटी सांगून मटणाचा रस्सा भरवला. वासावरून तिला समजलं, आता आमटीही नको म्हणते. सासूबाई म्हणतात, दोन दिवस उपाशी ठेव, आपोआप खाईल. चार महिन्यांत वजन १६ किलो ८०० वरून हललेलं नाही. आणि हल्ली पाटीची पेन्सिल चावून खाते, ती खोड कशी मोडू तेही सांगा. — एक आई

उत्तर :

ताई, तुमचं सगळं पत्र बोकडाभोवती फिरतं, पण महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलीत. पेन्सिल आधी घेऊ.

पाटीची पेन्सिल, खडू, माती, भिंतीचा पोपडा असलं काही मूल आवडीनं खायला लागलं, तर ती नुसती खोड नसते. बऱ्याचदा अंगातलं लोह कमी झाल्याची ती खूण असते. लोह कमी झालं की भूकही मरते. जेवत नाही म्हणून लोह कमी आणि लोह कमी म्हणून जेवत नाही, असा हा फेरा असतो. हातावर फटके मारून तो तुटत नाही. लोह भरून आलं की बहुतेक मुलं पेन्सिल आपणहून सोडतात. म्हणून याच आठवड्यात तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि पेन्सिलीचं न विसरता सांगा. हिमोग्लोबिन तपासतील. पाच वर्षांवरच्या मुलांत ते ११.५ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. जमलं तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि जीवनसत्त्व बी-१२ साठीचं रक्त त्याच वेळी घ्यायला सांगा, म्हणजे पोरीला दोनदा टोचायला नको. जंताचं औषध अलीकडे दिलं नसेल तर तेही विचारा.

डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं, तर ते दुधाबरोबर किंवा चहानंतर लगेच देऊ नका. लिंबूपाण्याबरोबर द्या. शी काळी होईल, त्याला घाबरायचं कारण नाही. दातांवर डाग पडू नयेत म्हणून चमचा जिभेवर मागे न्या आणि नंतर चूळ भरायला लावा. हिमोग्लोबिन वर आलं की लोक बाटली बंद करतात आणि सहा महिन्यांत पुन्हा तिथंच येतात. अंगातला साठा भरायला त्यापुढेही दोन-तीन महिने औषध लागतं, तेव्हा डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा. बाटली मात्र तिचा हात पोचणार नाही अशी ठेवा. हे औषध गोड असतं आणि जास्त पोटात गेलं तर घातक ठरतं.

वजनाचं म्हणाल तर या वयात वर्षाला साधारण दोन किलो वाढ अपेक्षित असते. अंगणवाडीतल्या त्याच काट्यावर, हलक्या कपड्यांत पुन्हा वजन करा, उंचीही मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. चार महिने काटा खरंच हलला नसेल तर पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता मटण. लोह कमी निघालंच, तर त्याचा दोष मटण सोडण्यावर टाकू नका. बहुतेक घरांत मटण आठ-पंधरा दिवसांतून एकदा शिजतं आणि लहान पोराच्या वाट्याला दोन फोडी येतात. तिची खरी अडचण दूध आणि चहा ही आहे. तीन मोठे पेले म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास दूध झालं. त्यात लोह जवळजवळ नसतं, उलट जेवणातलं लोह अंगी लागायला ते अडथळा करतं आणि पोट भरून टाकतं. चहानं तर लोह बांधूनच टाकलं जातं. आपल्याकडे चहा-चपाती म्हणजे नाश्ता असं धरून चालतात, पण लहान मुलाला चहा नकोच. एकदम तोडू नका. चार दिवस कपात निम्मा चहा निम्मं दूध, पुढचे चार दिवस चहा नावाला, मग नुसतं वेलचीचं दूध. दिवसभरात दूध ३०० ते ४०० मिलीवर आणा : सकाळी एक कप, दुपारी चारला एक कप. रात्रीचं बंद. ‘जेवली नाही, निदान दूध तरी पिऊ दे’ हे वाक्य घरातून गेलं पाहिजे. ताट सरकवलं की पेला येतो हे तिला पक्कं ठाऊक झालंय.

प्रोटीनची काळजी त्या मानानं कमी करा. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १६ ग्रॅम लागतं. दीडशे मिलीचे दोन कप दूध, दोन लहान चपात्या, अर्धी वाटी घट्ट वरण आणि दोन चमचे शेंगदाण्याचं कूट यांत ते भरून वर उरतं. लोह मात्र रोज ११ मिलिग्रॅम हवं, आणि साखर-चपातीवर तिथं पोचता येत नाही.

म्हणून खरी गरज आहे ती रस्सा परत आणायची. मटणाबरोबर तिचा रस्सा गेला, आणि रस्सा गेला म्हणजे कुस्करून खायचं सगळंच गेलं. त्या जागी अख्खा मसूर आणा. साताऱ्या-सांगलीकडच्या धाब्यांवर लोक मुद्दाम खायला जातात तोच, फक्त तिखट कमी. चौघांना १५० ग्रॅम मसूर दोन तास भिजवा, पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात कुकरला तीन शिट्ट्या काढा. टोमॅटो किंवा कोकम आधी घालू नका, आंबटानं दाणा कडक राहतो. बोअरच्या जड पाण्यातही तो नीट शिजत नाही, म्हणून पिण्याचं पाणी वापरा. दोन कांदे आणि मूठभर सुकं खोबरं भाजून, लसूण-आलं घालून वाटण करा, लोखंडी कढईत परता, मसूर ओता, उकळी आल्यावर आंबट घाला. आंबट कालवण लोखंडात शिजलं की थोडं लोह कढईतूनही उतरतं. झालं की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा, नाहीतर काळं पडतं आणि मग ती हातही लावणार नाही. तिची वाटी आधी बाजूला काढून उरलेल्यात कांदा-लसूण मसाला घाला. ताटात लिंबाची फोड हवीच. लिंबू, पेरू, आवळा यांनी डाळी-कडधान्यातलं लोह जास्त अंगी लागतं.

इथं एक अडचण येणार आहे. भाजल्या खोबऱ्याचा आणि गरम मसाल्याचा वास म्हणजे तिच्या लेखी मटण. तिला पुन्हा संशय येईल. म्हणून पहिले आठ-दहा दिवस गरम मसाला घालूच नका आणि कालवण तिच्यासमोर करा. मसूर तिनं निवडायचा, तिनं धुवायचा, वाटण कढईत पडताना तिनं बघायचं.

मसूर रुळला की वाघ्या घेवडा. तुमच्या तालुक्याचाच तो, भौगोलिक मानांकन मिळालेला. बाजारातून राजमा आणायची गरज नाही. पण तो मसुरासारखा झटपट होत नाही. रात्रभर भिजवायचा, पाणी फेकायचं आणि बोटानं दाबला तर सालीसकट पिठूळ होईल इतका कुकरमध्ये शिजवायचा. अर्धवट शिजलेल्या घेवड्यानं उलट्या-जुलाब होतात, आणि एकदा पोट बिघडलं की असं मूल तो पदार्थ वर्षभर तोंडात घेत नाही. पहिल्यांदा दोनच चमचे, कुस्करून.

पांढऱ्या भातावर ती आहे ना? मग मेतकूट, तूप, लिंबू. साखर-चपातीत साखरेच्या जागी हळूहळू कूट आणि किसलेला गूळ. गुळानं रक्त वाढतं असं म्हणतात, पण चमचाभर गुळातलं लोह नगण्य असतं; उपयोग कुटाचा होतो, गूळ फक्त गोडीला. पालकाचंही तसंच आहे : नाव मोठं, त्यातलं लोह अंगी फार कमी लागतं. ती पालक खात नाही याचं दुःख करू नका. गिरणीत पाच वाट्या गव्हाला एक वाटी हरभरा घाला. त्याहून जास्त झाला तर चपाती फाटते आणि चव बदलल्याचं तिच्या लगेच लक्षात येईल. तिनं विचारलं तर हरभरा आहे म्हणून सांगा.

ताटात दोन ओळखीचे पदार्थ आणि एक चमचा नवा. खा म्हणायचं नाही, भरवायचं नाही, चॉकलेटचं आमिष दाखवायचं नाही. असा नवा पदार्थ ताटात दहा-पंधरा वेळा दिसावा लागतो, तेव्हा कुठं जीभ लागते. आपण तिसऱ्या दिवशी ‘हिला आवडत नाही’ म्हणून मोकळे होतो. अर्ध्या तासात ताट उचला, रागावू नका, आणि पुढच्या खाण्यापर्यंत पाण्याशिवाय काही नको, बिस्किटाचा पुडा तर नाहीच. सासूबाईंच्या म्हणण्यात एवढंच खरं आहे : दोन तासांची भूक हवी. दोन दिवसांची नको, लोह कमी असलेल्या मुलाला तर नाहीच नाही.

सासूबाईंशी वाद घालत बसू नका. आता श्रावणच आहे, घरात महिनाभर मटण शिजणार नाही आणि कुणी अशक्तही होणार नाही. गावात माळकरी घरं असतील. त्यांची मुलं बिनमटणाचीच वाढतात. मात्र त्या घरांत उसळ, ताक, दही रोजचं असतं, तेवढं आपल्याकडेही असू द्या. दह्याचं आणखी एक कारण आहे. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण शाकाहारी मुलांत ते बऱ्याचदा कमी निघतं. तपासणीत कमी आलं तर डॉक्टर औषध देतील, ते घ्यावंच लागेल. मसूर-घेवड्यानं ती उणीव भरत नाही. अंड्याबद्दल एकदाच सरळ विचारा. हो म्हणाली तर उत्तम. नाही म्हणाली तर केकमधून, भज्यातून चोरून घालू नका.

तिच्या वडिलांनाही हेच सांगा. एक वाटी रस्सा पोटात गेला आणि त्यापायी आमटी कायमची गेली, हा व्यवहार तोट्याचा झाला. त्यांनी स्वतःच तिला सांगावं : ‘मी खोटं बोललो. बोकड मामाकडे गेला नव्हता, कापला होता. तुला वाईट वाटलं. तुला खायचं नसेल तर तुझ्या ताटात घालणार नाही. आम्ही खाऊ, पण आमच्या ताटाला तू शी म्हणायचं नाही.’ एवढं पुरे, देवाधर्माची लांबण लावू नका.

श्रावण संपल्यावर मटण शिजेल, त्या दिवशी तिचं कालवण आधी करा. पातेलं वेगळं, डाव वेगळा, आणि तो डाव रस्स्यात बुडालेला तिला एकदाही दिसता कामा नये. पुढच्या चैत्रात बोकड आणाल, तर आदल्या संध्याकाळी आणा आणि दुसऱ्याच्या दारात बांधा.