ह्यांना विमानाची भीती वाटते, म्हणून आजी वाट बघत राहणार?

“ताई, विमानाचं तिकीट काढलं की ह्यांची झोप उडते. दर वर्षी रजा नाही असं सांगून खानापूरला मुलांच्या आजीकडे जायचं टाळतात. गेल्या खेपेला विमान हलल्यावर ह्यांनी डोळे मिटले आणि मुलं हसली. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.”

ब्रिटनमधल्या रेडिंगहून आलेलं हे पत्र वाचून जीव तुटला, आणि तुझा थोडा रागही आला. मुलांना तिथल्या तिथे गप्प करायला हवं होतंस गं!

आमचे हे निपाणीचे. चारचौघांत आवाज मोठा, पण विमानाचं दार लागलं की हात गार पडतात. अपघात किती विरळा होतात ते दीर कितीदा तरी समजावून बसले, काडीचा फरक पडला नाही. फरक पडला तो पुढे काय होणार हे आधी कळल्यामुळे. जमीन सुटल्यावर पायाखाली धडधड होते, ती चाकं आत घेतल्याची. थोड्या वेळात इंजिनाचा आवाज उतरतो आणि विमान खाली बसतंय असं वाटतं. जोर कमी केलेला असतो, विमान चढतच असतं. पंख लवतात, कारण ते लवावेत असेच बांधलेले असतात. हे सगळं आठवडाभर आधी घरी चहा घेताना सांग. विमानात फक्त “आता चाकं” एवढंच म्हण.

जास्त पैसे पडले तरी जागा शेजारीच घे, आणि पंखांजवळची. शेपटीकडे हादरे जास्त बसतात. धीर यावा म्हणून दारू नको. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि दारूसोबत तर मुळीच नको.

शिवाय सांबऱ्यालाच, बेळगावच्या विमानतळावर, उतरायचा हट्ट कशाला? तिथे पंख्याची छोटी विमानंही येतात, आणि पावसाळ्यात सह्याद्रीवरच्या ढगांत हादरे बसायचेच. मुंबईला उतरा, पुढे रेल्वेने या. नाहीतर गोव्यात मोप्याच्या विमानतळावर उतरून दिवसाउजेडी चोर्ला घाट चढा. कणकुंबी, जांबोटी करत थेट खानापूर, बेळगावला वळसाही नको. आम्ही आता तसंच येतो. घाटात ह्यांचा आवाज पुन्हा मोठा होतो, तो ऐकायला मला फार आवडतं.

बेळगावचा कुंदा परत नेण्याचं विचारलंयस, तो दुधाचाच. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे, खानापूरलाच पोटभर खा. आणि लेकीच्या मराठीची काळजी सोड. आजीजवळ महिनाभर ठेव, बोलायला लागेल.