शब्दचर्चा: गोल्फचं मैदान आखलं कोणी, घडवलं कोणी, करवलं कोणी?

चेंबूरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचे वडील तिथल्या गोल्फ मैदानावर बरीच वर्षं कॅडी, म्हणजे खेळाडूंची पिशवी वाहणारे, होते. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात आणि टीव्हीवर स्पर्धा लागली की विचारतात, ‘हे मैदान कोणी केलं गं?’ वडिलांना वाचता यावी म्हणून ताई जगातल्या नामांकित मैदानांची माहिती मराठीत लिहून काढत आहेत. अडचण अशी की जिथेतिथे ‘डिझाइन्ड बाय’ येतं, आणि पुढे कधी एक नाव असतं, कधी तीन. त्या विचारतात: इथे ‘वास्तुविशारद’ लिहू, ‘रचनाकार’ लिहू की ‘शिल्पकार’? आणि एकाच मैदानाला तिघांचे हात लागले असतील तर श्रेय कोणाला देऊ?

आधी तिन्ही शब्दांकडे पाहू. ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे या धातूपासून आला. संस्कृतात त्याचा अर्थ घर असा आहे, तसाच घराची जागा असाही आहे. म्हणजे जमिनीशी त्याचं नातं जुनंच आहे. पण आजच्या मराठीत ‘वास्तुविशारद’ म्हटलं की इमारत डोळ्यांपुढे येते. वाचणाऱ्याला वाटेल की या गृहस्थांनी क्लबाची इमारत बांधली. ‘शिल्पकार’ मी मुळीच घेणार नाही. वर्तमानपत्रांनी तो शब्द विजयाचे शिल्पकार, जिल्ह्याचे शिल्पकार अशा गौरवासाठी इतका वापरला आहे की त्यातून माणूस थोर होता एवढंच कळतं, त्याने नेमकं काय केलं ते कळत नाही. ‘रचनाकार’ त्यातल्या त्यात बरा. पण खरी अडचण तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. तिघांनी तीन वेगळी कामं केली असतील तर तिघांना ‘रचनाकार’ म्हणून कसं चालेल?

म्हणून मला वाटतं, इथे नाम शोधूच नये, क्रियापद शोधावं. तुमच्या वडिलांनी तेच केलं आहे. ‘याचा रचनाकार कोण’ असं न विचारता ते ‘कोणी केलं’ असं विचारतात.

गोल्फचं मैदान कसं तयार होतं ते तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, तरी शब्दांसाठी थोडक्यात सांगतो. आधी कोणीतरी जमीन हिंडून ठरवतं की अठरा होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून चेंडू घालायच्या खळग्यापर्यंतचे टप्पे, कुठून कुठे जातील, कोणता चढावर, कोणता वाऱ्याच्या तोंडी. याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे: आखणी. खो-खोचं मैदान आपण फक्कीने आखतो, प्लॉट आखतो, रस्ता आखतो. मग प्रत्येक होलची बारीक घडण होते. ग्रीनला, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, उतार किती द्यायचा, बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, कुठे आणि किती खोल खणायचा, हे ते काम. ते प्रत्यक्ष मातीत उतरवणं ही बांधणी. आणि वीस-तीस वर्षांनी कोणी येऊन होलच बदलतो, ती फेरआखणी, किंवा बुजलेले जुने बंकर पुन्हा उकरून मूळचं रूप परत आणतो, तो जीर्णोद्धार.

‘आखणे’च्या जोडीला ‘बेतणे’ही हाताशी ठेवा. शिंपी कापड बेततो तेव्हा कापड किती आहे, पन्हा किती आहे हे त्याच्या हातात नसतं. आहे त्यातून सदरा निघाला पाहिजे. गोल्फच्या आखणीत नेमकं हेच कसब लागतं, कारण जमीन दिलेली असते, ओढा दिलेला असतो, समुद्र दिलेला असतो. माझ्या लहानपणी गिरगावात आमच्या चाळीखाली शिंप्याचं दुकान होतं. तिथे मास्टर बेतायचे आणि मागे दोन कारागीर मशीनवर शिवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘मास्टरांनी शिवलाय.’ मास्टरांनी तो शिवलेला नसायचा, पण कोणाला त्याचं काही वाटत नसे. ‘डिझाइन्ड बाय’ पुढचं एकच नाव पाहिलं की मला ते दोन कारागीर आठवतात.

आता मैदानांकडे येऊ. मेलबर्नचं रॉयल मेलबर्न हे अलिस्टर मॅकेन्झी यांच्या नावावर आहे. मॅकेन्झी पेशाने डॉक्टर, पुढे मैदानं आखू लागले. ते १९२६ साली ऑस्ट्रेलियाला गेले आणि सुमारे दोन महिनेच राहिले. तिथलं वेस्ट मैदान खेळायला खुलं झालं १९३१ साली. मधली वर्षं मातीवर उभं राहून काम कोणी केलं? अॅलेक्स रसेल हे खेळाडू आणि मिक मॉरकम हे मैदानाची निगा राखणारे ग्रीनकीपर, या दोघांनी. आता मराठीत लिहा: ‘मॅकेन्झी यांनी आखलं, रसेल यांच्या देखरेखीखाली मॉरकम यांनी घडवलं.’ तिघांची नावं आली आणि कोणाचंही काम दुसऱ्याच्या खात्यावर गेलं नाही. आखणीत मॅकेन्झींचा डोळा होताच, त्याचं मोल यात जराही कमी होत नाही.

अमेरिकेतल्या पाइन व्हॅलीची गोष्ट आणखी गुंतलेली आहे. जॉर्ज क्रम्प हे हॉटेलवाले. त्यांनी जमीन घेतली, इंग्लंडचे हॅरी कोल्ट यांना बोलावून सल्ला घेतला आणि स्वतः तिथेच ठाण मांडून काम केलं. १९१८ साली ते वारले तेव्हा चौदा होल तयार होते. उरलेले चार ह्यू आणि अॅलन या विल्सन बंधूंनी पुरे केले. इथे क्रम्प यांच्यासाठी कोणतं क्रियापद घ्याल? त्यांनी आखलंही आणि करवलंही.

‘करवलं’ या शब्दापाशी मला थांबायचं आहे, कारण आपल्या भाषेची खरी श्रीमंती इथे आहे. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक कोरलेला आहे: ‘श्री चावुण्डराजें करवियले’. आणि लगेच पुढे, ‘श्री गंगराजें सुत्ताले करवियले’. चावुण्डराजाने मूर्ती करवली आणि पुढच्या काळात गंगराजाने तिच्याभोवतीचं आवार करवलं. लिहिणाऱ्याने ‘केले’ लिहिलं नाही, ‘करवियले’ लिहिलं. राजाने छिन्नी हातात धरली नव्हती, हे त्या एका ‘व’ने सांगितलं. शिवाय मागाहून आलेल्याने आपलं नाव मूळ मूर्तीला चिकटवलं नाही, आपण केलेल्या आवारालाच जोडलं. पुढच्या काळात ज्यांनी एखाद्या मैदानाचे दोन-तीन होल बदलले, त्यांचं नाव कसं लिहावं याचा नमुनाच म्हणा ना.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळातला संस्कृत लेख पाहा. तो म्हणतो की प्रासाद ‘श्रीमच्छत्रपतेः शिवस्य नृपतेः’ अनुज्ञेने झाला, आणि पुढे निर्मिती करणाऱ्याचं नाव ‘हीराजिना’ असं येतं. आज्ञा महाराजांची, निर्मिती हिरोजींची. एकाच लेखात दोन नावं, दोन विभक्ती, दोन वेगळी कामं. खाली पायरीवर मराठीत हिरोजींच्या नावाआधी ‘सेवेचे ठायी तत्पर’ एवढंच आहे. मी पहिल्यांदा ती पायरी पाहिली तेव्हा बराच वेळ तिथून हललो नव्हतो.

आज आपण ही बारीक नजर थोडी गमावली आहे. ‘बांधलं’ हे एकच क्रियापद पैसे देणाऱ्याला, आराखडा काढणाऱ्याला, कंत्राटदाराला आणि गवंड्याला सरसकट लावतो. मुंबईत कोणालाही विचारा, अपोलो बंदरचं ताज कोणी बांधलं? उत्तर येतं, टाटांनी. ते करवलं टाटांनी, यात शंका नाही. पण त्याचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य वारल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुढे नेलं आणि १९०३ साली हॉटेल उघडलं. हेच वैद्य त्याआधी व्हीटी स्टेशनच्या कामात फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे साहाय्यक होते. तिथेही सगळ्यांच्या तोंडी नाव एकट्या स्टीव्हन्स यांचं. मराठी माणसाचं नाव आहे म्हणून मी हे सांगत नाही. पाइन व्हॅलीच्या विल्सन बंधूंसाठी मला जेवढी तळमळ वाटते तेवढीच वैद्यांसाठी वाटते.

आता ‘श्रेय’ या शब्दाविषयी, कारण प्रश्नात तो आहे. मूळ ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगलं, हिताचं. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय अशी जोडी येते ती याच अर्थाने. मराठीत त्याला ‘केलेल्या कामाची पावती’ असा अर्थ आला आणि मग श्रेय देणे, घेणे, लाटणे, उपटणे असे प्रयोग रुळले. बातम्यांतला ‘श्रेयवाद’ तर अलीकडचा. या शब्दाची एक खोड आहे. तो एकवचनी वागतो. ‘श्रेय कोणाचं?’ असं विचारलं की मन एकच नाव शोधू लागतं. अमेरिकेतल्या मेरिअन मैदानाबद्दल अभ्यासक वर्षानुवर्षं भांडत आहेत ते यामुळेच. १९१२ साली खुलं झालेलं ते मैदान ह्यू विल्सन यांचं, की त्यांच्या समितीला सल्ला देणाऱ्या चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड आणि व्हिगम यांचं? मराठीत ‘मॅक्डोनाल्ड व व्हिगम यांच्या सल्ल्याने विल्सन यांनी आखलं’ असं लिहिता येतं. सल्ला किती मोलाचा होता हा वाद त्याने मिटणार नाही, पण वाद नेमका कशावर आहे ते वाचणाऱ्याला कळेल.

अशी जोडपदं आपल्याकडे भरपूर आहेत: ‘च्या जोडीने’, ‘च्या सल्ल्याने’, ‘च्या देखरेखीखाली’, ‘च्या मागे’. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर देणाऱ्याच्या नावाखाली ‘हस्ते’ असतं ना, तेही याच घरातलं. पैसे कोणाचे आणि आणून दिले कोणी, हे ती पावती वेगळं ठेवते. पण तुमच्या लेखात ‘हस्ते’ टाळा. आता तो ऐकला की फीत कापणारे पाहुणेच आठवतात.

अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानासाठी मी असं लिहीन: ‘मॅकेन्झी यांनी बॉबी जोन्स यांच्या जोडीने आखलं. दहाव्या होलचं ग्रीन १९३७ साली पेरी मॅक्सवेल यांनी हलवलं आणि सोळावा होल १९४७ साली रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी नव्याने घडवला.’ वाक्य लांबतं, पण लांबू दे. मॅकेन्झी जानेवारी १९३४ मध्ये गेले आणि तिथली पहिली स्पर्धा त्याच वर्षी मार्चमध्ये झाली. तुमचे वडील आज टीव्हीवर जे पाहतात त्यातलं बरंचसं मॅकेन्झी यांनी पाहिलेलंच नाही.

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाला मात्र ‘आखलं’ लावू नका. तिथे कोणी एकाने काही आखलं नाही. वारा, मेंढ्या आणि शतकानुशतकं खेळणारी माणसं यांच्यामुळे ते घडत गेलं. १७६४ साली बावीस होलचे अठरा झाले आणि पुढे ओल्ड टॉम मॉरिस यांनी त्यात बरेच बदल केले. ‘घडत गेलं’ हे कर्त्यावाचून चालणारं क्रियापद आपल्याकडे तयार आहे, तेच वापरा.

आणि कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटचा सोळावा होल राहिला, समुद्रावरून चेंडू मारावा लागतो तो. मैदान मॅकेन्झी यांचं. त्यांच्याआधी नेमलेले सेथ रेनर १९२६ साली वारले होते. पण या होलबद्दल मॅकेन्झी यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की बांधणीतले किरकोळ तपशील सोडले तर आपला यात हात नाही, ही दृष्टी मुख्यतः मॅरिअन हॉलिन्स या बाईंची. एवढं अंतर पार करणारा फटका मारणं अवघड, असं रेनर म्हणाले तेव्हा हॉलिन्स यांनी चेंडू ठेवला आणि पलीकडे मारून दाखवला. चेंडू पडला तिथे आज ग्रीन आहे. त्यांच्यासाठी आखणे, घडवणे, करवणे यांतलं काहीच नीट बसत नाही. मराठीत ‘सुचणे’ आहे, आणि ते ‘ला’ प्रत्यय घेऊन येतं: मला सुचलं, तिला सुचलं. तेव्हा वडिलांना वाचून दाखवाल त्या कागदावर एवढं लिहा: ‘हा होल मॅरिअन हॉलिन्स यांना सुचला, मॅकेन्झी यांनी घडवला.’